झील ओढणाऱ्या बाया

परवा रविवारी आम्ही हलकं, लवकर पिकणारं धान कापत होतो. ऊन अजून कोवळं होतं, दवानं साडीचा काठ पोटरीपर्यंत भिजून जड झाला होता, आणि रस्त्यावरून नाटकाची जीप गेली. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. जीपवर भोंगा बांधून गावोगाव जाहिरात फिरते. नाटकाचं नाव, नटीचं नाव, "माय-बहिनींची बसाची वेगळी सोय" वगैरे सगळं सांगून झालं आणि भोंग्यातल्या माणसानं दम घ्यायला म्हणून एक गाणं लावलं.

माझा इळा थांबला. गाणं मला पाठ होतं. त्यातली दुसरी ओळ कुठे उचलायची, कोणत्या शब्दावर श्वास चोरायचा, कुठे शेजारणीच्या आवाजाखाली आपला आवाज दडवायचा, सगळं पाठ. पुढे गाणारी वनिता होती. तिचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मागे झील ओढणाऱ्या मुली मात्र कोण होत्या, मला माहीत नाही.

"चालू दे ना वं इळा," शेजारच्या ओळीतून सोनाबाई म्हणाली. "गानं आयकून धान कापल्या जात नाई."

जीप वळणापलीकडे गेली. मागे धूळ राहिली आणि कापलेल्या धानाचा तो वास, ओलसर, गोड, थोडा चिखलाचा. मी पुन्हा वाकले. पण हा वास नाकात गेला की मन बांधीत, धानाच्या त्या तुकड्यात, राहत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामात जाऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही.

त्या साली धान भरून आलं होतं. लोंब्या इतक्या वाकल्या होत्या की बांधीचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, दिसत नव्हते. पोपटांचे थवे सकाळ-संध्याकाळ उतरायचे. आणि नेमका त्याच वेळी नाल्याकाठच्या झुडपात वाघ येऊन राहिला. आधी एक गोऱ्हा गेला. मग गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला भर सकाळी बांधी ओलांडताना पाहिलं. मूलपासून दहा-बारा किलोमीटर आत असलेलं आमचं गाव, जंगल अगदी अंगणाला लागून. वाघ काही आम्हाला नवा नव्हता. पण तोंडाशी आलेलं धान आणि त्याच्या मधोमध तो, असं पहिल्यांदाच झालं होतं. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, एकटं जाऊ नका, वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, म्हणून पाळीपाळीनं एकीनं उभं राहा, आणि आवाज करत राहा.

आवाज करत राहा म्हणजे काय करायचं? पहिल्या दिवशी आम्ही डबे वाजवले. दुपारपर्यंत हात दुखले, कान किटले, कापणी काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी वनिता म्हणाली, "डबे ठेवा घरी. रोवनीत गातो तसं गाऊन घेऊ."

वनिता आणि मी एकाच उन्हाळ्यात या गावात सून म्हणून आलो. पहिल्याच पावसाळ्यात एकाच बांधीत गुडघाभर चिखलात उभं राहून धानाची रोपं रोवली. ती एक ओळ गायची, मी मागून तीच ओळ उचलायची. तिचा आवाज उंच, ताठ. माझा मऊ, मागे मागे राहणारा. माझी पहिली मुलगी सात दिवसांची होऊन गेली, तेव्हा लोक येऊन काहीबाही बोलून जायचे. वनिता रोज दुपारी यायची, काही बोलायची नाही. तेलाची वाटी घेऊन मागे बसायची आणि माझे केस विंचरायची. दीड महिना. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं सांगताना माझा हात कुठे जड पडला तर तो का, ते कळायला हवं.

तर आम्ही गात गात बांधीत गेलो. वरच्या टोल्यातल्या, म्हणजे वरच्या वस्तीतल्या, गोंड बाया आमच्यात नव्हत्या. मंडई, म्हणजे हिवाळ्यातली आमची जत्रा, कुठल्या जागेवर भरवायची यावरून दोन्ही टोल्यांचं वाजलं होतं आणि तीन वर्षं कोणी कोणाच्या दारात गेलं नव्हतं. पण वाघ दोघांच्याही बांधीत होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली सोनाबाई धुऱ्यावर येऊन उभी राहिली. काटक, काळीसावळी, हातात इळा. म्हणाली, "आमच्या बांध्या तुमच्याले लागून हायेत. तुमी मधून गाता, आमी कडेनं गातो. काऊन तोंडं वाकडी करता?"

कोणी तोंड वाकडं केलं नाही. त्या दिवशी एकोणीस बाया होतो. वनिता ओळ टाकायची आणि आम्ही अठराजणी ती उचलायचो. सोनाबाईच्या बायांना शब्द यायचे नाहीत, तेव्हा त्या नुसता सूर धरायच्या, आणि तो सूर धानावरून असा जायचा की पोपट उडायचे. दोन-तीन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. एकत्र गाताना प्रत्येकीला प्रत्येकीचा आवाज ओळखू येऊ लागला. कोणाचा आवाज मध्येच गळाला की सगळ्या कमरेतून सरळ व्हायच्या, वळून बघायच्या. ती पाणी प्यायला थांबलेली असायची, किंवा पायात काटा मोडलेला असायचा. ती हात हलवायची. मग पुन्हा सुरू. वाघ असताना आम्ही अख्ख्या गावाचं धान कापून काढलं आणि एकीलाही ओरखडा आला नाही.

लटारूभाऊ याच दिवसांत आमच्याकडे आले. सत्तरी ओलांडलेले, उंच, वाकलेले. एके काळी आमच्या गावची दंडार चार तालुक्यांत गाजलेली होती. दंडार म्हणजे आमच्या भागातलं नाच-गाण्याचं सोंग. लटारूभाऊ तिचे शाहीर. मग सोबतचे एकेक गेले, नाटकं मोठी झाली, त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. उरला तो वाळक्या पानांवरून पाय गेल्यासारखा. धुऱ्यावर बसून त्यांनी आमची अख्खी दुपार ऐकली आणि आम्ही पाणी प्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "बायांनो, तुमी काय गाऊन राह्यल्या, तुमाले ठाऊक नाई. हे दंडारीची झील होय."

झील म्हणजे शाहिराच्या मागे उभे राहून जे ओळ उचलतात त्यांचा सूर. लोक शाहिराकडे बघतात, त्याचं नाव घेतात. झीलकरी मागे अंधारात उभा. पण लटारूभाऊ म्हणाले, "शाहिराचा दम सरते. मंग झीलकरी धरते. त्यानं नाई धरलं तं शाहीर पडते. मी चाळीस साल उभा राह्यलो ते कोनाच्या जिवावर?"

मग दिवेलागणीला समाजमंदिराच्या ओट्यावर आमची तालीम सुरू झाली. दिवसभर कापून हात चिरलेले, नखांत चिखल, आणि तरी बाया यायच्या. चुलीवर भात टाकून यायच्या, सासूला सांगून यायच्या, कडेवर लेकरू घेऊन यायच्या. लटारूभाऊ एक जुनी, कोपरे झिजलेली वही उघडायचे, वनिताच्या कानाशी लागून ओळ कुजबुजायचे, ती मोठ्यानं म्हणायची, आणि आम्ही ती उचलायचो. त्यांचा गेलेला आवाज असा आमच्या एकोणीस गळ्यांतून बाहेर यायचा. पहिल्यांदा अख्खं गाणं बसलं त्या दिवशी ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. 

शबनम भाभी आली ती ब्लाऊज द्यायला. तिचा नवरा चौकात शिलाईचं दुकान चालवतो, काज-बटण आणि फॉल ती करते. ओट्याखाली पिशवी घेऊन उभी राहिली आणि आमची झील चालू असताना सहज सूर लावला. खालचा, घुमणारा, जमिनीतून यावा तसा. आम्ही गाणं सोडून तिच्याकडे वळलो.

"काय झालं? गलत लागला का?" तिनं विचारलं.

"वर ये," लटारूभाऊ म्हणाले.

कोणीतरी हळूच म्हणालं, सुरुवातीला गणपतीचं गाणं असते, तुमच्या घरी चालन का? शबनम भाभीनं पिशवी माझ्या हातात दिली आणि चप्पल काढली. "घरचं मी पाहून घेतो. सुरू कुठून कराचं ते सांगा."

आम्ही वीस झालो. त्या हिवाळ्यात मंडई भरली ती दोन्ही टोल्यांच्या मधल्या जागेत. भर दुपारी, धुळीत, जिलेबीच्या कढयांच्या धुरात आमच्या गावची दंडार पुन्हा उभी राहिली. सोंगं पोरांनी घेतली, ढोलकीला नवं कातडं चढवलं, आणि मागे आम्ही वीसजणी. गर्दीत म्हातारे रडत होते. सोनाबाईची सून बाळंतपणात अडली तेव्हा मूलच्या दवाखान्यात खालच्या टोल्यातल्या दोघी तिच्याजवळ राहिल्या. शबनम भाभीच्या घराचं छप्पर वादळात उडालं तर वरच्या टोल्यातून बांबू आले. शेजारच्या तीन गावांतल्या बाया आमची तालीम बघायला आल्या आणि त्यांनीही आपापल्या गावात ओटे शोधले. गाण्यानं हे झालं असं मी म्हणत नाही. पण रोज एकमेकींचा श्वास ऐकून ऐकून आम्हाला एकमेकींचं घर ऐकू येऊ लागलं होतं.

मग चंद्रपूरचं बोलावणं आलं. लोककलांचा मोठा महोत्सव. आयोजकांपैकी दोघं गाडीनं आले, तालीम बघितली, फोनवर रेकॉर्ड केली, लटारूभाऊंच्या पाया पडले, वनिताशी आणि भाऊंशी बाजूला बसून बोलले आणि गेले. शबनम भाभीनं वीस हिरवे ब्लाऊज शिवायला घेतले, गळ्याला पिवळी गोट. सोनाबाई आयुष्यात चंद्रपूरला गेली नव्हती. ती रोज विचारायची, "तिथी उभं राहाचं का बसाचं?"

जायच्या चार दिवस आधी वनिता तालमीला आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "कार्यक्रम रद्द झाला."

"काऊन वं?"

"काय मालूम. त्यायचा फोन आला. पुढच्या साली पाहू म्हनते."

सोनाबाई नुसती हसली. "बरं झालं बाई. मले तं बसमंदी उलटी होते." आम्ही त्या दिवशीही गायलो. वनिताचा आवाज थोडा फाटत होता. मला वाटलं, वाईट वाटून. तिच्या पाठीवर मी हात ठेवला. तिनं तो काढला नाही.

आठ दिवसांनी दुपारी मी दुकानासमोरून जात होते. शबनम भाभीनं हाक मारली. तिची भाची चंद्रपूरला शिकते, तिनं काहीतरी पाठवलं होतं. फोनच्या काचेवर मोठं स्टेज, निळे-जांभळे दिवे. मध्ये वनिता. मागे दहा-बारा मुली, उंच, सारख्या बांध्याच्या, सारख्या साड्यांत, सारखं हसणाऱ्या. आणि आमचं गाणं. तिघी-चौघी जमा झालो.  शबनम भाभीनं काच दोन बोटांनी मोठी केली, वनिताच्या गळ्यापाशी नेली.

"हे गोट माझ्या हातची हाय," ती म्हणाली. "हा ब्लाऊज माझा शिवलेला हाय, नीमा."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पुन्हा मशीनवर बसली, पण पायडल काही तिनं हलवलं नाही. उरलेले एकोणीस ब्लाऊज मागे खुंटीला तसेच होते.

मी फोन घेऊन लटारूभाऊंकडे गेले. ते अंगणात खाटेवर पडले होते. मी काही न सांगता लावून दिलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग फोन परत दिला, "झील पातळ हाय," एवढंच म्हणाले आणि कुशीवर वळले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काळीज फाटलं. मी त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि निघाले.

माहेरी जाते म्हणून गेलेली वनिता दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आली. मी तिच्या अंगणात गेले तेव्हा ती उकडलेलं धान उन्हात पसरवत होती. पायानं, गोल गोल, नेहमीसारखी.

"कार्यक्रम रद्द झाला म्हनली होतीस," मी म्हणाले.

ती थांबली नाही. "तुमच्यासाठी झालाच होता ना."

"वनिता."

"त्यायले शिकलेले आवाज पाह्यजे होते. एकसारखे. वीस बाया, एक जाडी, एक काळी, एकीचे दात पडलेले, हे नाई चालत म्हने स्टेजवर. मले म्हने तू ये. मी काय करू?"

"सांगाचं होतं. 'तुमाले नेत नाई' म्हनाचं होतं. आमी रडलो असतो. चार दिवस बोललो नसतो तुह्याशी. मंग बोललो असतो."

आता ती थांबली. "सांगतलं असतं तं तू मले जाऊ देलं असतं?"

  कदाचित नसतं जाऊ दिलं. पण तिनं मला ते ठरवायचीही संधी दिली नव्हती. माझ्या वाट्याचा राग, माझ्या वाट्याचा मोठेपणा, दोन्ही तिनं आधीच उचलून नेलं होतं.

"नीमा," ती हळूच म्हणाली, "तू झीलकरीन. मांगं उभं राहाचं सोपं असते. पुढं एकटीनं तोंड उघडाचं म्हंजे काय असते, ते तुले नाई समजनार."

जिनं दीड महिना माझ्या मागे बसून माझे केस विंचरले होते, ती मला हे सांगत होती. मी पसरलेल्या धानाच्या कडेनं, एकही दाणा पायाखाली येऊ न देता, बाहेर आले. रस्त्यात मला राग नव्हता. लाज वाटत होती, जणू फसवणूक मीच केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात वनिता नवऱ्यासोबत चंद्रपूरला राहायला गेली. तालीम तर तिच्या आधीच बंद पडली होती. वरच्या टोल्यातल्या बाया म्हणाल्या, तुमच्या टोल्याचीच होती ना ती. आमच्यातल्या काहींना ते लागलं. मंडईच्या जागेचा जुना वाद कुठूनतरी परत आला. शबनम भाभी ओट्यासमोरून जाताना खाली बघून जायची. आणि पुढच्या साली धान पिकलं तेव्हा बाया दोघी-तिघी, आपापल्या, मुकाट्यानं कापायला गेल्या. वाघ गेल्या हंगामापासून दिसला नव्हता. लोक विसरले होते.

सोनाबाई त्या दिवशी एकटीच होती. पेंढी बांधायला ती सरळ झाली आणि वीस हातांवर, धुऱ्यावर, तो बसलेला होता. शांत. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

"मी तोंड उघडलं," तिनं मला नंतर सांगितलं, "पन आवाजच नाई. वाटलं, आता कोनी उचलन. मांगून कोनी तरी उचलन. कोनीच नोतं, नीमा."

तो उठला, तिच्याकडे बघितलं आणि नाल्याकडे गेला. ती तिथेच बसून राहिली. दुपार कलल्यावर तिच्या सुनेनं शोधून काढलं तेव्हा पेंढी तिच्या छातीशी धरलेली होती आणि बोटं सोडवावी लागली. आठ दिवस तापानं फणफणली.

तिला बघून मी तडक लटारूभाऊंकडे गेले. म्हटलं, भाऊ, झालं ते झालं, तुम्ही पुन्हा ओट्यावर बसा, तुम्ही म्हटलं तर बाया येतील. ते खाटेवर उठून बसले. 

"माझ्या म्हनन्यावर नका येऊ," ते म्हणाले. "मीच सांगतलं होतं तिले."

मला आधी कळलंच नाही.

"वनिता नाई म्हनत होती. बायायले सोडून कशी जाऊ म्हनत होती. मी म्हनलं, जा. वही देली. अन् रद्द झालं म्हनून सांग, हे बी मीच शिकवलं. खरं सांगतलं असतं तं तुमी तिले धरून ठेवलं असतं, अन् ते माघारी फिरली असती."

"काऊन, भाऊ?"

त्यांचा तो वाळका आवाज आणखी वाळला. "माझ्यासंग गानं मरून राह्यलं होतं, बाई. चाळीस सालाचं. ते लोक म्हनले, हे रेकॉर्ड होईल, पोरं शिकतीन, राहीन. मले गानं वाचवाचं होतं."

"अन् आमी?"

"तुमी तं वाचालच, असं वाटलं मले."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. फोन ऐकून ते कुशीवर वळले होते, ते दुःखानं नव्हे, माझ्याकडे बघता येत नव्हतं म्हणून. आणि मी त्यांच्यावर चादर घातली होती. वनितानं मला फसवलं हे मी हळूहळू गिळलं असतं. ती माझ्यासारखीच होती, तिला हाव सुटली, माणसाला सुटते. पण ज्या माणसानं आम्हाला शिकवलं की पुढच्याचा दम सरला तर मागच्यानं धरायचा, त्यानंच मागच्यांना सोडून द्यायला शिकवलं होतं. वनितानं त्यांचं नाव माझ्यापुढे कधी घेतलं नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. त्यामुळे तिच्यावरचा रागसुद्धा मला पूर्ण करता आला नाही. अर्धा तसाच राहिला.

खोटं कशाला बोलू, गाणी वाचली. मूलच्या एका शाळेत पोरी स्नेहसंमेलनात त्यावर नाचल्या. लग्नाच्या बँडमध्ये ऐकू येतात. लटारूभाऊंना कुठेतरी शाल मिळाली, फोटो पेपरात आला. कला वाचवायची म्हणजे हेच असेल तर ती वाचली. मी कधीकधी स्वतःला विचारते, वीस बाया आणि चाळीस वर्षांची गाणी यांत एक निवडायचं असतं तर मी काय निवडलं असतं? मग वाटतं, हा प्रश्नच त्या गाडीतून आलेल्या माणसांनी आणला होता. त्यांच्या आधी आमच्या ओट्यावर तो कधी कोणाला पडला नव्हता.

मी बायांना सगळं सांगितलं. शबनम भाभी म्हणाली, "तो बी? या अल्ला." सोनाबाई अजून अशक्त होती, पांघरुणातून म्हणाली, "म्हताऱ्यानं वनिताले पुढं केलं, अन् तिनं आमाले मांगं." मग सगळ्या गप्प. त्या गप्प बसण्यात कोणी वरच्या टोल्याची नव्हती, कोणी खालच्या.

दुसऱ्या दिवशी कोणी बोलावलं नाही, पण चौदाजणी सोनाबाईच्या बांधीत तिचं राहिलेलं धान कापायला आल्या. जुनी गाणी कोणाच्या तोंडी येईनात. मुकाट कापत राहिलो. पण मुकं राहून वाघ जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग धुऱ्यावर घोंगडं पांघरून बसलेल्या सोनाबाईनंच सुरू केलं. शब्द तिचे, चाल तिची, थोडी गोंडी वळणाची:

"ऊठ ऊठ रे दादा, ऊन आलं घरोघर,
आमी आलो कापनीले, तू रानची वाट धर."

वाघाला दादा म्हणालेलं ऐकून आधी हसू फुटलं. मग शबनम भाभीनं तिची ओळ जोडली. मग तिच्या शेजारणीनं. अशी ओळ रांगेतून पुढे सरकत गेली आणि माझ्यापर्यंत आली तेव्हा माझ्या मागे कोणीच नव्हतं आणि पुढेही कोणी नव्हतं. मला तोंड उघडावं लागलं. आवाज थरथरला, वनिता म्हणाली होती ते तेवढं खरं होतं. पण माझी ओळ संपायच्या आत बाकीच्या सगळ्या गळ्यांनी ती उचलली.

आता तसंच चालतं. आमच्यात पुढची कोणी नाही. ज्या दिवशी जिला सुचेल ती टाकते. आम्ही स्टेजवर जात नाही, कोणी फोन काढला तर थांबतो. हे बरोबर आहे की नाही, ठाऊक नाही. शेजारच्या गावातल्या बाया आल्या तर त्यांना ओळीत उभं करतो आणि शिकवतो. एवढंच.

परवा दुपारी जेवायला आम्ही मोहाच्या सावलीत बसलो. भात, सुकटीची चटणी, कोणाकडे कांदा. जेवण झाल्यावर सोनाबाईनं हळूच सुरू केलं. तेवढ्यात काठी टेकत लटारूभाऊ धुऱ्यावरून येताना दिसले. फार थकलेत आता. येऊन झाडाच्या पलीकडे उभे राहिले आणि गाणं संपेपर्यंत उभेच होते.

"कोनाचं हे?" त्यांनी विचारलं.

 मग सोनाबाई म्हणाली, "बांधीचं."

त्यांनी मान हलवली.  "मले बसू द्याल का तुमच्यामंदी? आवाज नाई माझ्यापाशी. नुसता बसीन."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या उजव्या हाताला जागा होती. दोन माणसं बसतील एवढी. ते त्या जागेकडे बघत होते आणि मी समोरच्या कापलेल्या बांधीकडे. मी सरकले नाही.

शबनम भाभीनं आपला डबा उचलला, मांडीवर घेतला आणि तिच्या पलीकडे जागा केली. काठी खाली ठेवून ते हळूहळू बसले. कोणी त्यांना पाणी दिलं. मग सोनाबाईनं पुन्हा पहिली ओळ टाकली, दुसरी शबनम भाभीनं घेतली. तिसरी माझी होती. मी त्यांच्याकडे न बघता ती म्हटली.